विभामावशीला हवी जर्मन डॉक्टरेट

कावासाकीतलं एखादं मराठी कुटुंब घर सोडायला निघालं, की सामान हलवणाऱ्या कंपनीच्या आधी विभामावशीला फोन जातो. कारण घर रिकामं झालं की घरमालकाच्या एजन्सीचा माणूस तपासणीला येतो. स्वतःच्या सपाता बॅगेतून आणलेल्या, हातात टॉर्च, काखेत फॉर्म. तो भिंतीवरची खिळ्यांची भोकं मोजतो, फरशीवरचे ओरखडे बघतो आणि शेवटी स्वयंपाकघरात जाऊन डोळे मिटून हुंगतो. मग कुणीतरी गेल्याची बातमी द्यावी तशा आवाजात म्हणतो, "नियोइ देसु ने..." म्हणजे, वास येतोय हो.

"कसला वास?" मावशी जपानीत विचारते. मावशीचा जपानी आवाज तिच्या मराठी आवाजापेक्षा दोन पट्ट्या वर लागतो. ऐकणाऱ्याला वाटतं, बाई फार गोड आहे. इथेच तो फसतो.

"आनो... करीचा..."

"करी नाही. हिंग, मोहरी, हळद. आमचं रोजचं जेवण. शेजारच्या घरात रोज मासा भाजतात, त्याला तुमच्या फॉर्मवर 'नेहमीचा वापर' म्हणतात. मग आमच्या फोडणीला 'विशेष नुकसान' का म्हणायचं?"

माणूस दातांतून हवा आत ओढतो. स्स्स्स. या देशात 'नाही' म्हणायचं असलं तरी हाच आवाज काढतात, आणि 'हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं' म्हणायचं असलं तरी हाच. मावशीसमोर तो बहुतेक वेळा दुसऱ्या अर्थाने निघतो. भिंतीचा कागद बदलण्याची ओळ फॉर्मवरून खोडली जाते आणि मावशी अगदी कंबरेत वाकून त्याचे आभार मानते.

विभामावशी, म्हणजे विभा सरनाईक, मूळची साताऱ्याची. पुण्यात एलएल.बी. आणि एलएल.एम. केलं, सहा वर्षं शिवाजीनगर कोर्टात घरमालक-भाडेकरूंची भांडणं लढवली. मग तिच्या नवऱ्याला, म्हणजे जगदीशकाकांना, कंपनीने 'फक्त दोन वर्षांसाठी' जपानला पाठवलं. त्या दोन वर्षांना आता चौदा वर्षं झाली. मावशी वॉर्ड ऑफिसच्या मोफत वर्गात जपानी शिकली, कोनबिनीत म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात अर्धवेळ काम करून त्या जपानीला आदराची इस्त्री मारली, आणि आता योकोहामात करारपत्रांचं भाषांतर करणाऱ्या छोट्या ऑफिसात बसते. आम्ही त्याच इमारतीत दोन मजले वर. आई टोकियोहून उशिरा येते, म्हणून दुसरीपासून माझा अभ्यास मावशीच्या जेवणाच्या टेबलावर. मी आता अकरावीत आहे. टेबल तेच आहे, त्यावर जर्मन पुस्तकांचा ढीग तेवढा वाढलाय.

त्या ढिगाचं मूळ तीन वर्षांपूर्वीचं. ऑफिसात भाषांतराला एक लेख आला. जर्मनीत भाडेकरूने घर सोडताना भिंती रंगवून द्यायच्या की नाही, यावर तिथली कोर्टं वर्षानुवर्षं भांडतायत. मावशी घरी आली ती चपला काढता काढताच ओरडली.

"अगं नेत्रा, तिकडेही हेच! अख्खं जग भिंतींवरून भांडतंय!"

"मग?"

"मग काय मग! जपानचा नागरी कायदा लिहिताना यांनी जर्मनांचा समोर ठेवला होता. म्हणजे मूळ तिकडे, फांदी इकडे, आणि फांदीवर बसून फोडणी देणारे आपण. 'नेहमीचं राहणं' म्हणजे कुणाचं राहणं? हे ठरवतं कोण?"

एवढं बोलून ती थांबली आणि मग हळूच म्हणाली, "यावर मला प्रबंध लिहायचाय."

जपानमध्ये डॉक्टरेट करायची तर आधी इथली मास्टर्स, मग जपानीतून प्रवेशपरीक्षा. जर्मनीची तऱ्हा वेगळी. तिथल्या लॉ फॅकल्टीत डॉक्टरेटला प्रवेशपरीक्षा नाही, वर्ग नाहीत, रांग नाही. एका प्राध्यापकाने लेखी सांगायचं की या व्यक्तीला मी मार्गदर्शन करीन. ते पत्र असलं तर पुढचं सगळं, नसलं तर काहीच नाही.

"थोडक्यात, एकाच माणसाने हो म्हणायला हवं," मावशी म्हणाली.

"लग्नासारखंच," जगदीशकाका म्हणाले. "फक्त इथे कांदेपोहे मिळत नाहीत."

तो एक माणूस म्हणजे प्रोफेसर ओस्टरकांप नावाच्या बाई. मावशीच्या नेमक्या विषयावर आयुष्यभर लिहिलेल्या. आणि त्यांच्या पानावर स्वच्छ लिहिलेलं, निवृत्ती जवळ आल्याने नवे विद्यार्थी मार्चअखेरपर्यंतच घेतले जातील. आम्ही ते वाचलं तेव्हा यंदाचा जानेवारी निम्मा संपला होता.

फॅकल्टीच्या अटींची यादी फ्रिजवर चढली. पदवीत सरासरीपेक्षा वरची श्रेणी हवी. विषयाचं टिपण हवं. आधी दुसरीकडे डॉक्टरेटला बसून नापास झालो नाही, असं लिहून द्यायला हवं. ("नापास व्हायला आधी बसू तर द्या!" इति मावशी.) प्रमाणपत्रांच्या खऱ्या प्रती हव्या. आणि पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला हवा.

दाखल्यासाठी आम्ही योकोहामाला पोलीस मुख्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी मावशीची दहाही बोटं मशीनवर एकेक करून ठेवून घेतली आणि प्रत्येक बोटाला "हाय, आरिगातो गोझाइमास" म्हटलं. दहा बोटं, दहा आभार. दाखला मिळाला तो सीलबंद पाकिटात. उघडलंत तर रद्द, हे त्यांनी तीनदा सांगितलं. घरी जगदीशकाका ते पाकीट दिव्यासमोर धरून बसले.

"काय लिहिलं असेल गं? सायकल चुकीच्या जागी लावलेली ती...?"

"जगदीश, खाली ठेव."

"नाही, म्हणजे ती सायकल माझीच होती, पण..."

"खाली ठेव म्हणते ना!"

मावशीला खरी धास्ती पोलिसांची नव्हती, गुणपत्रिकेची होती. एलएल.एम.ला सत्तावन्न टक्के. माझ्या वर्गातल्या कुणाला सत्तावन्न पडले तर घरी फोन जातो. जर्मनीतले लोक ते बघून काय म्हणतील, या विचाराने मावशी गुणपत्रिका फाइलीत सगळ्यात खाली ठेवायची. कुणी न विचारता आपोआप वर येईल अशी भीती असल्यासारखी.

आणि मग आलं ते पत्र. प्रोफेसरबाईंना लिहायचं पहिलं पत्र.

मावशीचे ऑफिसातले साहेब हिरायामा-सान. वय अडुसष्ट, आवाज असा की फोनवर बोलताना समोरच्याला वाटावं, लाइन कट झाली. त्यांनी कॉलेजात दोन वर्षं जर्मन घेतलेलं. मावशीने पत्राचा मसुदा त्यांना दाखवला. त्यांनी तो घरी नेला, दोन दिवस ठेवला आणि तिप्पट लांब करून परत दिला. मावशीने त्यात आणखी थोडी साखर घातली. चौदा वर्षं या देशात पत्रं लिहिल्यावर हात आपोआप तसा चालतो. मराठीत सांगायचं तर पत्र असं होतं:

"कडाक्याची थंडी पडली आहे, आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा करते. ओळखदेख नसताना अचानक लिहून आपल्या मौल्यवान वेळात अडथळा आणल्याबद्दल अंतःकरणपूर्वक क्षमा मागते. माझे ज्ञान अत्यंत उथळ आहे, माझी जर्मन कानाला त्रास देणारी आहे, आणि सोबत जोडलेले टिपण आपण वाचावे अशा योग्यतेचे नाही. मला शिष्या म्हणून घेणे हा आपल्यावर निव्वळ भार ठरेल. तरीही..."

'तरीही' नंतर अजून अर्धं पान होतं.

नवव्या दिवशी उत्तर आलं. मावशीने ते टेबलाशी उभ्याउभ्या वाचलं. मग खुर्चीत बसून वाचलं. मग माझ्याकडे लॅपटॉप फिरवला.

"प्रिय श्रीमती सरनाईक, आपल्या प्रामाणिकपणाबद्दल धन्यवाद. आपले ज्ञान उथळ आहे आणि टिपण वाचण्याच्या योग्यतेचे नाही, असे आपण लिहिता. त्यामुळे मी ते वाचलेले नाही. या परिस्थितीत मी आपल्याला डॉक्टरेटचा सल्ला देऊ शकत नाही. शुभेच्छांसह."

"'त्यामुळे मी ते वाचलेले नाही'!" मावशी म्हणाली. आधी पुटपुटत, मग मोठ्याने, मग कोर्टातल्या आवाजात. "त्यामुळे! मी! ते! वाचलेले! नाही!"

जगदीशकाकांनी हसू दाबायला तोंडात चिवडा कोंबला. चुकलंच. चिवडा नाकातून आला.

दुसऱ्या दिवशी हिरायामा-सान ते उत्तर वाचून टेबलाएवढे वाकले आणि वाकलेलेच राहिले. "मोऽऽशिवाके गोझाइमासेन. मी त्यांना ताबडतोब एक माफीपत्र लिहितो."

"नको!" मावशी ओरडली. ऑफिसात चौदा माणसं आहेत, चौदाही माना वळल्या. "हिरायामा-सान, कृपा करा. आता अजून माफी नको."

त्या संध्याकाळी मावशी टेबलाशी बसली आणि दुसरं पत्र लिहायला लागली. एक वाक्य लिहायची, खोडायची. 'माझे टिपण चांगले आहे' एवढं लिहायला तिला पाऊण तास लागला आणि लिहून झाल्यावर तिने शेजारी 'असे मला वाटते, अर्थात चूक असू शकते' असं जोडलं. मी ते खोडलं. तिने परत लिहिलं.

"अगं, मावशी!"

"जमत नाही गं. कोर्टात मी कुणासाठीही उभी राहायचे. समोर जज कितीही खवट असो, 'माझ्या अशिलाची बाजू भक्कम आहे, युअर ऑनर,' असं ठणकावून सांगायचे. बाजू भक्कम नसली तरी! आणि आता स्वतःबद्दल चांगलं म्हणायचं तर हात आपोआप माफी मागायला लागतो. आमच्या घरी हे शिकवलंच नाही. आणि इथे येऊन जे थोडं होतं, तेही विसरले."

"बरं, खरं सांग, तुझी बाजू आहे का भक्कम?" काकांनी विचारलं. "सत्तावन्न टक्के म्हणजे..."

"विद्यापीठात तिसरी."

काकांचा हात चिवड्याच्या डब्यातच राहिला. "काय?"

"तिसरी आले होते. पहिल्याला साठ होते. लॉला गुण असेच हात आखडून देतात."

"विभा, एकोणीस वर्षं झाली लग्नाला. तू विद्यापीठात तिसरी आली होतीस?"

"तू विचारलं होतंस?"

एजन्सीचा माणूस काढतो तसा काकांनी दातांतून हवेचा आवाज काढला. मग त्यांनी माझी वही ओढली, कोरं पान काढलं आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'अशील: श्रीमती विभा सरनाईक, वय ४६'. पान मावशीसमोर सरकवलं.

"घे. लढव केस."

मावशीने पान बघितलं. चष्मा पुसला. उठली आणि फ्रिज ते बाल्कनी अशा येरझाऱ्या घालायला लागली, हात मागे बांधून. साडेसहा पावलं जायला, साडेसहा यायला. घर जपानी आहे, कोर्ट केवढं मिळणार!

"लिही नेत्रा. माझी अशील भाडेकरूंच्या कायद्यात सहा वर्षं पुण्यात वकिली करत होती. कॉमा. गेली नऊ वर्षं ती जपानी करारपत्रांचं काम करते. माझ्या अशिलाने घर सोडण्याच्या एकतीस तपासण्यांना स्वतः हजर राहून नोंदी ठेवल्या आहेत, आणि अशा नोंदी दुसऱ्या कुणाकडे असल्याचं माझ्या माहितीत नाही. हे ठळक कर. नाही, ठळक नको, जर्मन आहेत, त्यांना साधंही दिसेल."

मग मी 'माझी अशील'च्या जागी सगळीकडे 'मी' घातलं. मावशीने डोळ्यांवर हात ठेवून ते बघितलं, बोटांच्या फटीतून. पत्र सात वाक्यांचं झालं. पहिलं होतं: "माझ्या आधीच्या पत्रातील नम्रता ही जपानी पत्रलेखनाची पद्धत होती, ती वस्तुस्थिती नव्हती." शेवटचं होतं: "टिपण चांगले आहे. कृपया वाचा."

उत्तर दुसऱ्याच दिवशी. "वाचले. गुरुवारी सकाळी दहा वाजता व्हिडिओवर बोलू." म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी सहा.

बुधवारी सराव ठेवला. जगदीशकाका प्रोफेसर झाले, टाय वगैरे लावून. पण अठरा तास ऑफिसात जपानी बोलणाऱ्या माणसाकडून कडक जर्मन कसा निघणार?

"विभा-सान, आज आपण वेळात वेळ काढून आलात, खरंच आभारी आहे. तुम्हाला त्रास होणार नसेल तर एक छोटासा प्रश्न..."

"जगदीश, तू मला नापास करायला बसलायस, चहा द्यायला नाही!"

"हाय, सुमिमासेन," काकांनी वर माफीही मागितली.

गुरुवारी मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी. श्वास मोठ्याने घेऊ नको, अशी ताकीद होती. प्रोफेसर ओस्टरकांप पडद्यावर आल्या. पांढरे आखूड केस, मागे पुस्तकं, आणि आवाज जाडसर. प्रत्येक वाक्य संपलं की त्या थांबायच्या, जणू वाक्यावर शिक्का मारून झाल्यावरच पुढचा कागद घेणार. पहिली दहा मिनिटं जर्मनमध्ये गेली. मावशीची जर्मन म्हणजे चिक्की चावत बोलल्यासारखी, पण एकही वाक्य अर्धं सोडलं नाही. मग बाई इंग्रजीवर आल्या.

"तुमची गुणपत्रिका. सत्तावन्न टक्के." थांबल्या. "आमच्या नियमात सरासरीपेक्षा वरची श्रेणी लागते."

मावशीची मान खाली जायला लागली. मला टेबलावरून स्पष्ट दिसलं, हनुवटी गळ्याकडे निघाली होती, ओठांवर 'सॉरी'चा 'स' आला होता. मी टेबलाखालून तिला पाय मारला. तो लागला टेबलाला. पण आवाजाने तिची मान थांबली. मग वर आली.

"विद्यापीठात तिसरा क्रमांक," मावशी म्हणाली. "पहिल्याला साठ होते. तुमच्याकडे कायद्याच्या परीक्षेत अठरापैकी गुण देतात, आणि नऊ मिळाले तर घरी पार्टी करतात, असं मी वाचलंय. नऊ म्हणजे पन्नास टक्के. मी त्याच्या वर आहे."

पडद्यावरचा चेहरा हललाच नाही. मला वाटलं, नेट गेलं. आणि मग त्या जाड आवाजातून हसू आलं, आधी एक ठसका, मग सगळंच.

"मला दहा होते," प्रोफेसरबाई म्हणाल्या. "आईला फोन केला तर ती म्हणाली, जाऊ दे बाळ, पुन्हा बस परीक्षेला."

मावशी हसली, पण बाई लगेच परत शिक्क्यांवर आल्या. "एक प्रश्न. तुम्ही म्हणता, रोजचा स्वयंपाक म्हणजे नेहमीचं राहणं. मान्य. पण समजा पुढच्या भाडेकरूला तो वास खरोखरच सहन होत नाही. त्याचं काय? तो चूक आहे का?"

या प्रश्नाची तयारी नव्हती. फ्रिजवरच्या यादीत नव्हता, काकांच्या टायमध्ये नव्हता. मावशीने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला.

"तो चूक नाही," ती म्हणाली. "आणि आधीचाही चूक नाही. दोघं बरोबर असताना खर्च कुणी सोसायचा, हाच माझा प्रबंध आहे. उत्तर आत्ता माहीत असतं, तर चार वर्षं मागितली नसती."

"गूट," बाई म्हणाल्या. म्हणजे, छान. तेवढंच. "लेखी कळवीन."

त्यानंतर सात दिवस मावशीने गॅसची शेगडी इतक्या वेळा घासली की आणखी घासली असती तर त्याचंच 'विशेष नुकसान' लागलं असतं. काका दर तासाला ऑफिसातून मेसेज करायचे, "आलं?" हिरायामा-सान काही विचारायचे नाहीत. फक्त रोज मावशीच्या टेबलावर एक गोड बीन्सची वडी ठेवून जायचे.

आठव्या दिवशी, शुक्रवारी, संध्याकाळी पाचच्या सुमारास माझा नवा चष्मा आणायला आम्ही दोघी नांबू लाइनने मुसाशी-कोसुगीला निघालो होतो. डब्यात नेहमीसारखी शांतता, सगळे फोनात. मावशीचा फोन थरथरला. तिने वाचलं आणि माझं मनगट असं धरलं की दुसऱ्या दिवशीही बोटांचे वळ होते. बोलायची सोय नाही, गाडीत कुणी बोलत नाही. तिने फोन माझ्या नाकाशी धरला. मार्गदर्शनाला होकार. पहिल्या वर्षी तिथे येऊन एक सेमिनार करायचा, त्यात चांगली श्रेणी हवी. जर्मनची पुढची परीक्षा द्यायची. पुण्याच्या पदवीवर अंतिम निर्णय समितीचा, पण 'माझे अनुकूल मत मी आज लेखी दिले आहे'.

हिरामा स्टेशनात दारं उघडली आणि मावशीने मला ओढून खाली उतरवलं. आमचं स्टेशन नव्हतंच ते. गाडी गेल्या गेल्या तिने काकांना फोन लावला.

"जगदीऽऽश! हो म्हणाल्या!"

पलीकडून काकांचा मीटिंगमधला आवाज आला, "हाय. हाय. शोची इताशिमाशिता." म्हणजे, हो हो, समजलं साहेब. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, दाराचा आवाज, पावलं, आणि मग बहुतेक जिन्यातून, शुद्ध मराठीत, "काय सांगतेस काय! अगं विभे!" आणि पुढे काही नाही. काका रडत होते की पळत होते, कळलं नाही.

दुसरा फोन साताऱ्याला, तिच्या आईला. मावशीने स्पीकर लावला, कारण आजींना कमी ऐकू येतं आणि त्या ओरडून बोलतात, त्यामुळे तसाही फरक पडत नाही.

"नोकरी लागली का गं?"

"नोकरी नाही, आई. शिकायला. ऑक्टोबरपासून. जर्मनीत."

"या वयात? आणि जगदीशराव काय खातील?"

"ते शिकतील. सगळेच शिकतोय आता."

"आणि परीक्षा आहे का पुन्हा?"

"एक सेमिनार आहे. चांगले गुण लागतात."

"मग जमेल का बाई तुला?"

हिरामाच्या प्लॅटफॉर्मवर शाळेची मुलं होती, एक आजोबा होते, झाडू घेतलेला स्टेशनचा माणूस होता. सगळे या ओरडणाऱ्या बाईकडे न बघितल्यासारखं करून बघत होते. मावशीने क्षणभरही वाट पाहिली नाही.

"जमेल," ती म्हणाली. "मला हा विषय चांगला येतो, आई."